अंगणवाडीची खेळणी आणि चितारआळीतील दुकान



सावंतवाडी म्हटले की मोती तलाव, राजवाडा आणि चितारआळी या तीन गोष्टी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. चितारी म्हणजे रंगकाम करणारा कारागीर; त्याच्याच नावाने ही आळी ओळखली जाते. येथील दुकान म्हणजे बहुधा एका कुटुंबाचा संसारच असतो. फळ्यांवर लाकडी आंबे, फणस, केळी आणि मिरच्या हारीने मांडलेल्या असतात. जवळच भोवरे, बैलगाड्या, पांगुळगाडे, पाट आणि भाटुकलीतील जाते, उखळ, मुसळ. यातील पुष्कळ वस्तू पांगाऱ्याच्या लाकडाच्या असतात. हे लाकूड हलके व मऊ असल्याने हत्याराला चटकन वश होते आणि लहान मुलाच्या हातालाही जड होत नाही. मात्र ते आपटल्यास खळगा पडतो, हेही ध्यानात असावे.

अशा दुकानात पाहुणा म्हणून जाणे वेगळे आणि गावाच्या अंगणवाडीसाठी खरेदीस जाणे वेगळे. पाहुण्याचे लक्ष रंगांकडे जाते आणि फळांची टोपली दिवाणखान्यासाठी बांधून घेतली जाते. त्यात गैर काही नाही. कारागिराची चूल त्यावरही पेटते. परंतु पंचायतीच्या खर्चाने वस्तू घ्यावयाची असेल, तर ती तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या हातात रोज पडणार आहे, हे धरूनच पाहिली पाहिजे. म्हणून खरेदीस सेविकेला बरोबर न्यावे. कोणते मूल काय फेकते आणि काय तोंडात घालते, हे तिला ठाऊक असते. दरपत्रक मागविणाऱ्या लिपिकाला ते कसे कळावे?

दुकानात प्रथम आकार पाहावा. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचा लहान भाग घशात अडकू नये, यासाठी मानकात ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याची चाचणी आहे. जो तुकडा त्यात पूर्ण मावतो, तो या वयाला वर्ज्य. भाटुकलीतील चिमुकल्या पळ्या आणि लाकडी आवळा दिसावयास मोहक असले, तरी धाकटे भावंड कडेवर घेऊन मुले येतात त्या अंगणवाडीत ते नकोत. त्यानंतर कडांवरून व सांध्यांवरून बोट फिरवावे आणि चाक ओढून पाहावे.

रंगाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह आवश्यक झाले. विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना यातून सूट देण्यात आली. ही सूट योग्यच होय. एकट्या कारागिराने चाचणीचा खर्च कोठून करावा? पण त्यामुळे रंगाविषयी चौकशी करण्याचे काम ग्राहकावर येते. ओल्या फडक्याने घासून रंग सुटतो का, हे कळते. त्यात शिसे आहे का, हे त्यावरून कळत नाही. यासाठी दुकानदारास रंग कोणता वापरला ते विचारावे, डबा पाहावा आणि शंका राहिल्यास बिनरंगी वस्तू मागावी. कोणते खेळणे येथे घडले व कोणते बाहेरून आले, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. महागडी साधने खेड्याला परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी परिसरातील वस्तूंना साधनांचे स्थान दिले. गोटे, शिंपले, चिंचोके हरवले तरी दुसरे मिळतात. त्यांचा हिशेब कोणी मागत नाही. विकत घेतलेल्या खेळण्याचे दुर्दैव येथूनच सुरू होते. ते जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते, त्याला क्रमांक पडतो आणि फुटल्यास उत्तर द्यावे लागेल या धास्तीने सेविका ते कपाटात ठेवते. तपासणीच्या दिवशी ते चकचकीत निघते. अधिकारी संतुष्ट होतात. वास्तविक, दोन वर्षांनंतरही ज्या बैलगाडीचा रंग उडालेला नाही, तिच्याविषयीच खुलासा मागावयास हवा.

यावर उपाय कार्यालयाच्याच हाती आहे. वापराने झिजलेल्या व मोडलेल्या खेळण्यांचे निर्लेखन वर्षातून एकदा, सेविकेवर ठपका न ठेवता, नियमित व्हावे आणि अंदाजपत्रकात नव्या खरेदीसाठी थोडी रक्कम धरावी. एकदाच मोठा संच घेण्यापेक्षा दरवर्षी थोडी खरेदी झाल्यास कारागिरालाही पर्यटकांच्या हंगामापलीकडचे काम मिळेल.

चितारआळीसारख्या ठिकाणी विक्रेता आणि घडविणारा यांत अंतर थोडे असते, ही मोठीच सोय होय. बैलगाडी घेताना त्याच मापाची दोन जादा चाके आणि चार खुंट्या करून मागाव्यात व त्यांची किंमत त्याच पावतीत लावून घ्यावी.