बार हवा कीं मौन हवें?

भिवंडी हें नांव काढलें कीं ऐकणाराच्या कानांत मागांची खडखड घुमूं लागते. कामवारी नदीच्या कांठचें हें गांव यंत्रमागांसाठीं सर्वत्र प्रसिद्ध आहे, आणि अलीकडे मुंबईचा माल सांठविणाऱ्या प्रचंड वखारींसाठींही. परंतु भिवंडी तालुका गांवाच्या वेशीपाशीं संपत नाहीं. वज्रेश्वरी व गणेशपुरी येथील ऊन पाण्याचीं कुंडें त्याच तालुक्यांत आहेत. वसईच्या बाजूस तुंगारेश्वराचें रान आहे. आणि रानालगत अजून भाताचीं खाचरें आहेत. ज्या तालुक्यांत एका टोकास माग रात्रभर थांबत नाहींत, त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकास शेतकरी कान टवकारून माळ्यावर बसतो. लोंबी भरली कीं रानडुकरें उतरतात, आणि जेवढें खातात त्याहून कितीतरी अधिक तुडवितात.

अशा एका घराची कल्पना करावी. वडीलधारे चुलते शेती पाहतात. पुतण्या शहरांत राहतो, नेमबाजीच्या क्लबाचा सभासद आहे, आणि त्याच्यापाशीं पॉइंट बावीसची परवान्याची रायफल आहे. घरांत बेताची रक्कम शिल्लक पडली आहे. छऱ्यांची बारा बोअरची बंदूक घ्यावी असें चुलत्यांच्या मनांत आहे. पुतण्यानें परदेशी सूचीपत्रांत सायलेन्सर पाहिला आहे. तो म्हणतो, "काका, दुसरी बंदूक कशाला? रायफल आहेच. तिच्या तोंडाशीं ही नळी बसविली कीं डुक्कर जाईल आणि शेजारीही जागा होणार नाहीं." चुलते म्हणतात, "अरे, शेजारी जागा झाला तर बिघडलें काय?" घरगुती दिसणाऱ्या या दोन बोलण्यांत सबंध प्रश्न सांठविलेला आहे.

प्रथम त्या नळीचा विचार करावा. तिचा जनक हायरम पर्सी मॅक्झिम हा अमेरिकन गृहस्थ. त्याच्या बापानें १८८४ च्या सुमारास यांत्रिक तोफ बनविली, आणि तोफाबंदुकांच्या सहवासांत उतारवयांत त्याचे कान गेले. मुलानें १९०९ सालीं बंदुकीचा आवाज मारणाऱ्या साधनाचें पेटंट मिळविलें. युक्ति साधी आहे. गोळी नळींतून बाहेर पडतांच तिच्यामागचा तापलेला, कोंडलेला वायु एकदम मोकळा होऊन हवेवर आदळतो, तोच बार. सायलेन्सरच्या पोटांत एकामागें एक पडदे असतात, आणि प्रत्येक पडद्याच्या मधोमध गोळीपुरतें भोंक असतें. वायु कप्प्याकप्प्यांतून अडखळत, पसरत, निवत जातो आणि बाहेर येतो तेव्हां त्याचा जोर ओसरलेला असतो.

तरी यानें बंदूक मुकी होत नाहीं. आवाज साधारणपणें २० ते ३० डेसिबलनें उतरतो, इतकेंच. शिवाय आवाजाचा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर आहे. गोळी त्याहून वेगानें गेली तर ती वाटेंत स्वतःच चाबकासारखी कडाडते, आणि तो कडाका नळीच्या तोंडाशीं बसविलेल्या साधनानें थांबत नाहीं. तो टाळावयाचा तर मंद वेगाचें काडतूस घ्यावें लागतें. म्हणजे आधींच हलकी असलेली गोळी आणखी दुबळी करावी लागते.

ती किती हलकी आहे हेंही पाहावें. पॉइंट बावीसच्या काडतुसांत पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेंत भरलेला असतो आणि टोला त्या कडेवरच बसतो. आज सर्वत्र चालणारें हें काडतूस १८८७ सालीं अमेरिकेंत निघालें. त्याच्या गोळीचें वजन अवघें अडीच ग्रॅमच्या आसपास. पाट्यावरील कागदी लक्ष्य वेधण्यास तिच्यासारखी गुणी गोळी नाहीं. परंतु जाड कातडीच्या व भरदार खांद्याच्या रानडुकरास ती बहुधा मारीत नाहीं, जखमी करते. जखमी डुक्कर झुडपांत शिरून बसतें, आणि दुसऱ्या दिवशीं गवत कापावयास गेलेल्या बाईवर किंवा गुराख्यावर उलटतें. बारा बोअरच्या बंदुकीचा दणका याच्या दहापटीहून अधिक असतो. एक रत्तल शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर त्यांतील एक गोळी जिच्या नळींत नेमकी बसेल, ती बारा बोअरची बंदूक. नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटर.

पल्ल्याचाही विचार आहे. बावीसची गोळी चिमुकली म्हणून निरुपद्रवी, असा पुष्कळांचा समज असतो. उंच कोनांत सुटली तर ती दीड किलोमीटरपलीकडे जाऊं शकते. भिवंडीच्या आसपास दीड किलोमीटरांत काय नसतें? चाळ असते, शाळा असते, वखारीचा रात्रपाळीचा पहारेकरी असतो, नाशिकच्या सडकेवरची रहदारी असते. बारीक छऱ्यांचा खरा प्रभाव ३५-४० मीटरांपर्यंतच, आणि कांहींशें मीटरांत ते जमिनीवर येतात. दाट वस्तीच्या मुलखांत कमी पल्ला हा दोष नसून गुण आहे.

आतां कायदा. १८७८ च्या शस्त्र-कायद्यानें परकी सरकारनें येथील प्रजेच्या हातांतील शस्त्र काढून घेतलें, ही गोष्ट त्या पिढीस फार लागली होती. स्वतंत्र भारतानें १९५९ सालीं नवा कायदा केला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. त्यांतील अग्निशस्त्राच्या व्याख्येंतच बाराचा आवाज किंवा झोत कमी करणाऱ्या साधनाचा समावेश आहे. म्हणजे जिच्यांतून आपण होऊन एकही गोळी सुटत नाहीं ती रिकामी नळी कायद्याच्या दृष्टीनें शस्त्रच आहे. आणि परवान्यांच्या वर्गवारींत तिचें स्थान साध्या छऱ्यांच्या बंदुकीशेजारीं नसून अत्यंत निर्बंधित शस्त्रांच्या पहिल्या वर्गांत आहे. पुतण्यास वाटतें तसा हा रायफलीचा अलंकार नव्हे. फिनलंड-नॉर्वेंतील शिकारी अशी नळी सर्रास वापरतात. अमेरिकेंत १९३४ च्या कायद्यानें तिच्यावर दोनशें डॉलरांचा कर बसविला, पण ती लोकांना घेतां येत होती. त्या देशांच्या सूचीपत्रांतील सल्ला भिवंडीच्या शेतास लागू पडत नाहीं.

हाच कायदा हेतूंतही भेद करतो. बावीसची रायफल तो मान्यताप्राप्त क्लबाच्या सभासदास नेमबाजीच्या सरावासाठीं देतो. पिकाच्या राखणीसाठीं तो ठासणीची बंदूक सांगतो, आणि ती पुरी पडणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर किमान वीस इंच लांब नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. तेव्हां क्लबाच्या मैदानावरून रायफल खाचराच्या बांधावर नेली कीं परवान्याचा हेतूच मोडला. पिकाच्या प्रश्नापुरता कायद्याचा कौल चुलत्यांकडे आहे.

परंतु चुलत्यांचाही मार्ग सरळ नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आंत नवा शस्त्रपरवाना द्यावयाचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमति लागते. आणि तुंगारेश्वर हें अभयारण्य आहे. बंदूक हातीं आली तरी पीक खाणारें रानडुक्कर वनखात्याच्या लेखी परवानगीवांचून मारतां येत नाहीं. म्हणजे पहिल्या कांहीं रात्रीं, आणि कदाचित् सबंध हंगामभर, त्या बंदुकीचें काम जनावर मारण्याचें नसून त्यास हुसकण्याचें आहे.

येथेंच प्रश्नाची खरी गांठ सुटते. राखणदारानें आजवर काय केलें? गोफण फिरविली, डबा बडविला, फटाका लावला, हाकारा घातला. राखण म्हणजे आवाज. बारा बोअरच्या बाराचा अर्धा गुण त्याच्या छऱ्यांत असेल, पण उरलेला अर्धा त्याच्या दणक्यांत आहे. तो दणका कळपास परतवितो, शेजारच्या माळ्यावरील माणसास सावध करतो, बांधावरून चालणाऱ्या वाटसरूस थांबवितो. आणि कोणाच्या हातून कांहीं वेडेंवांकडें घडलें तर दहा जणांस तें कळतें. ज्या शस्त्राचा बार सर्वांस ऐकूं येतो, त्याचा धनी सर्वांस उत्तर देण्यास बांधलेला असतो. राखणीच्या बंदुकीस मौन बसविणें म्हणजे पहारेकऱ्याच्या तोंडांत बोळा कोंबून त्यास पहाऱ्यावर उभें करणें होय.

पुतण्याच्या म्हणण्यांत एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती म्हणजे कानांची. क्षणिक आवाजही १४० डेसिबलच्या वर गेला तर कानाच्या आंतील नाजूक पेशींस कायमची इजा होऊं शकते, आणि बारा बोअरचा बार १५० च्या पलीकडे जातो. गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं. परंतु यावरचा उपाय बंदुकीच्या तोंडाशीं नसून माणसाच्या कानाशीं आहे. कानांवर चढविण्याचीं संरक्षक आच्छादनें थोड्या पैशांत मिळतात, त्यांस परवाना लागत नाहीं, आणि आवाज तींही जवळजवळ सायलेन्सरइतकाच उतरवितात. क्लबांत सराव करणाऱ्या पुतण्यानें तीं आजच घ्यावींत, आणि एक जोड काकांसाठीं आणावा.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि तो पैशांचा नाहीं. हळवें असो वा गरवें, भात राखण्याचे दिवस वर्षांतून फार तर दोन महिने. उरलेले दहा महिने बंदूक घरांतच असते. ज्या घरांत लहान मुलें आहेत तेथें ती व तिचीं काडतुसें वेगवेगळ्या कुलुपांत, आणि किल्ली एकाच जबाबदार माणसापाशीं, एवढें पाळणें अवश्य आहे. भिवंडीनें १९७० आणि १९८४ या सालच्या दंगली पाहिल्या आहेत. त्या रात्रीं आठवणारा कोणीही वडीलधारा सांगेल कीं, डुकरासाठीं घेतलेली बंदूक भयाच्या रात्रीं कोणाकडे रोंखली जाईल याची हमी बंदूक देत नाहीं, घरांतील माणसें देतात. निवडणुकीच्या काळांत अधिकाऱ्यांच्या हुकमानें परवान्यांचीं शस्त्रें जमा करावीं लागतात, त्यामागें हाच विचार आहे. लग्नावरातींत हौसेनें बार काढणें हाही २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षेंपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा झाला आहे.

म्हणून त्या घरानें क्रम असा ठेवावा. नुकसान झालें कीं प्रथम वनखात्यास कळवून पंचनामा करून घ्यावा, कारण पीकहानीच्या भरपाईची तरतूद आहे. मग चार शेजाऱ्यांनीं मिळून पाळीपाळीनें राखण करावी, जमल्यास सौर कुंपण घालावें; घरच्या विजेची तार मात्र कुंपणांत कधींही सोडूं नये, तिनें डुकराआधीं माणूस मरतो. इतकें करूनही भागलें नाहीं तरच छऱ्यांच्या बंदुकीचा अर्ज करावा. सायलेन्सर मात्र यादींतून खोडून टाकावा.

शेजारी जागा झाला तर बिघडलें काय, असें चुलत्यांनीं विचारलें होतें. कांहींच बिघडलें नाहीं. शेजारी जागा झाला तर तो कंदील घेऊन बांधावर येतो, दोघांचें खाचर एकत्र राखलें जातें, आणि कदाचित् बंदुकीचा चाप ओढण्याची वेळच येत नाहीं.