मतदारसंघाची वाटणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनी सभासदांपैकी कोणीतरी एका विषयावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. लोणच्या-पापडावर बोलेन अशी पुष्कळजणींची समजूत असेल. परंतु मी विषय घेतला आहे तो मतदारसंघ कसे आखतात ह्याचा. कारण असे, की माझे माहेर संगमेश्वर तालुक्यातले आणि सासर इथले, डोंबिवलीचे. २००८ साली मतदारसंघांची जी नवी वाटणी झाली, तिच्यात माझ्या माहेरचे नाव यादीतून गेले आणि सासरचे नाव यादीत आले. असे का झाले, ते समजून घ्यावे असे वाटले, आणि जे समजले ते तुम्हांला सांगते.

आपल्या राज्यघटनेचे म्हणणे अगदी सरळ आहे. दर जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा पुन्हा आखाव्यात, आणि राज्यातल्या प्रत्येक मतदारसंघात होईल तितकी सारखी लोकसंख्या असावी. म्हणजे एकीच्या मताचे वजन दुसरीच्या मताइतकेच राहावे. लोकसभेसाठी ही गोष्ट ८१ आणि ८२ ह्या कलमांत आहे, विधानसभेसाठी १७० व्या कलमात. ह्यात लक्षात ठेवण्याजोगे हे, की इथे मोजतात ती माणसे, नुसते मतदार नव्हेत. पाळण्यातले मूलसुद्धा ह्या हिशेबात धरले जाते.

आता ही आखणी करायची कोणी? निवडून आलेल्या माणसांच्याच हाती ती दिली, तर आपला हात जगन्नाथ व्हायचा. अमेरिकेत पुष्कळ राज्यांत विधिमंडळच सीमा आखते. तिथे १८१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी ह्यांच्या कारकीर्दीत त्यांच्या पक्षाच्या सोयीने असा एक वेडावाकडा मतदारसंघ आखला गेला, की त्याचा नकाशा सॅलमँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्याप्रमाणे दिसू लागला. गेरी आणि सॅलमँडर मिळून 'गेरीमँडर' असा शब्दच इंग्रजीत रूढ झाला.

आपल्याकडे ही वाटणी परिसीमन आयोग करतो. असे आयोग १९५२, १९६२, १९७२ आणि २००२ ह्या चार सालांच्या कायद्यांनी नेमले गेले. २००२ च्या कायद्याप्रमाणे आयोगात तिघेजण असतात. सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती अध्यक्ष, दुसरे केंद्रीय निवडणूक आयुक्तांपैकी एक आणि तिसरे त्या त्या राज्याचे निवडणूक आयुक्त. त्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंग हे होते. राज्यातले पाच खासदार व पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, बोलतात, वेगळे मत असल्यास तेही मांडतात. पण त्यांना मतदानाचा किंवा सहीचा अधिकार नाही. पंगतीत बसायचे, पण वाढपाच्या पळीला हात लावायचा नाही, असा हा प्रकार आहे.

सीमा कशा आखाव्यात ह्याचेही नियम आहेत. मतदारसंघ सलग व आटोपशीर असावा. नद्या-डोंगर, तालुक्या-जिल्ह्यांच्या हद्दी, जाण्यायेण्याची साधने आणि लोकांची सोय ह्यांचा विचार व्हावा. विधानसभेचा एक मतदारसंघ लोकसभेच्या दोहोंत फाडू नये. आपल्या राज्यात विधानसभेच्या जागा २८८ आणि लोकसभेच्या ४८, म्हणून एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा येतात. अनुसूचित जातींच्या राखीव जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत, त्यांची वस्ती त्या मानाने अधिक असेल तिथे, आणि जमातींच्या जागा त्यांचे प्रमाण सर्वांत अधिक असेल तिथे ठेवायच्या. २००८ च्या वाटणीत महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या जागा १८ च्या २९ झाल्या आणि जमातींच्या २२ च्या २५.

आता माझ्या माहेर-सासरचा हिशेब सांगते. घटनेत दर दहा वर्षांनी वाटणी सांगितली असली, तरी १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने ती थांबवण्यात आली. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नेटाने केले त्यांच्या जागा त्यामुळेच कमी व्हाव्यात, हे बरे दिसत नव्हते. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने राज्याराज्यांतल्या जागांची संख्या आणखी पुढे, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली. मात्र राज्याच्या आतल्या सीमा नव्याने आखायला मोकळीक दिली, आणि २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने त्यासाठी २००१ च्या जनगणनेचे आकडे धरायचे ठरले. म्हणजे आपल्या २८८ जागा तेवढ्याच राहिल्या, वाट्या तेवढ्या इकडच्या तिकडे झाल्या.

मधल्या तीस वर्षांत कोकणातला चाकरमानी मुंबई-ठाण्याला येऊन स्थायिक झाला होता. २००१ साली सिंधुदुर्गाची लोकसंख्या सुमारे ८ लाख ६९ हजार, तिथे आमदार चार. रत्नागिरीची सुमारे १६ लाख ९७ हजार, तिथे आमदार सात. आणि ठाणे जिल्ह्याची, पालघर तेव्हा त्यातच होते, सुमारे ८१ लाख ३२ हजार. तिथे आमदार अवघे तेरा! भागून पाहा. सिंधुदुर्गात सव्वादोन लाखांच्या आत माणसांना एक आमदार, ठाण्यात सव्वासहा लाखांना एक. मालवणच्या जाऊबाईंच्या एका मताशी ठाण्याच्या जवळजवळ तिघींची मते तुलायची.

नव्या वाटणीत सिंधुदुर्गाच्या चाराच्या तीन झाल्या, रत्नागिरीच्या साताच्या पाच आणि ठाणे जिल्ह्याच्या तेराच्या चोवीस. मालवण, वेंगुर्ले, खेड, संगमेश्वर ही नावे विधानसभेच्या यादीतून गेली. आपल्या बाजूला कल्याण पूर्व, कल्याण पश्चिम, कल्याण ग्रामीण आणि डोंबिवली अशी नावे २००९ च्या निवडणुकीत दिसू लागली.

हिशेबाने हे न्याय्यच झाले, असे मी डोंबिवलीची म्हणून म्हणते. पण माहेरची म्हणून हेही सांगावेसे वाटते, की संगमेश्वर तालुका आहे, देवरुखला त्याची कचेरी आहे, परंतु त्या नावाचा आमदार नाही. गावे शेजारच्या मतदारसंघांत गेली. ज्या वाडीतले कर्ते पुरुष गिरणगावात गेले, त्यांची माणसे मुंबई-ठाण्यात मोजली गेली आणि मागे शेती, गुरे, म्हातारी माणसे सांभाळत राहिलेल्या बायकांचा आमदार दूर गेला. डोंगराळ मुलखात पाच लाख माणसांमागचे अंतर आणि शहरात पाच लाख माणसांमागचे अंतर सारखे नसते. समान वाटा आणि समान सोय ह्या दोन गोष्टी आहेत. कायद्याने दोन्हींचा विचार सांगितला आहे. पण सोयीचे गाऱ्हाणे कोणी मांडले तरच ते आयोगाच्या कानी जाते.

ते मांडायची वेळ ठरलेली असते. आयोग आधी कच्चा आराखडा राजपत्रात छापतो. सहयोगी सदस्यांची विरोधी मतेही त्यांनी सांगितल्यास सोबत छापतो. हरकतींसाठी तारीख देतो आणि जाहीर बैठका घेतो. त्यानंतर अंतिम आदेश निघाला, की त्याला कायद्याचे बळ येते. उज्जैनच्या एका गृहस्थांनी अशा आदेशाविरुद्ध दाद मागितली होती, तेव्हा १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की छापून निघालेल्या आदेशाला न्यायालयात आव्हान देता येत नाही. गुजरातेतल्या बारडोलीच्या प्रकरणात २०२४ साली न्यायालयाने एवढी फट ठेवली, की आदेश उघड मनमानीचा आणि घटनेच्या मूल्यांशी न जुळणारा असेल, तर न्यायालय तो तपासू शकेल. पण भाकरी तव्यावर आहे तोवरच ती परतता येते. करपल्यावर फिर्याद करून काय उपयोग?

आम्हां बायकांचा तर ह्यात आणखी मोठा वाटा गुंतलेला आहे. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत व विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. २८८ चा तिसरा हिस्सा म्हणजे ९६. परंतु त्या दुरुस्तीत अशी अट घातली, की पुढची जनगणना होऊन तिच्या आधारे सीमा आखल्या गेल्यावरच हे आरक्षण सुरू होईल. म्हणजे सीमांचा नकाशा हाच आमच्या जागांचा उंबरठा ठरवला गेला. स्थानिक संस्थांत १९९३ पासून एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना मिळाल्या, तिथेही आधी प्रभागांची रचना होते, मग आरक्षण येते.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. पहिली, जनगणनेचा प्रगणक दारी येतो तेव्हा घरात बहुधा आपणच असतो. तान्ह्या मुलापासून अंथरुणावरच्या सासूबाईंपर्यंत प्रत्येक माणूस नीट सांगावे. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली. त्या मोजणीवर पुढचे पुष्कळ काही उभे राहायचे आहे. दुसरी, प्रभागाचा असो वा मतदारसंघाचा, कच्चा नकाशा निघाला की तो मंडळाच्या फळ्यावर लावावा आणि आपली गल्ली कुठे गेली ते बोटाने शोधावे. तिसरी, हरकत द्यायची तर ती 'आम्हांला आवडत नाही' अशी देऊ नये. मध्ये रेल्वेचे रूळ येतात, नाला येतो, बस नाही, वस्तीचे दोन तुकडे होतात, असे कायद्याला समजेल असे कारण लिहावे आणि मुदतीच्या आत द्यावे. अर्ज लिहायला मोठी विद्या लागत नाही. आपल्या मंडळात सुवाच्य अक्षराच्या भगिनी पुष्कळ आहेत.

नकाशावरची रेघ पेन्सिलीची असते तोवर आपण बोलावे, एवढेच माझे सांगणे.