घरांतला अग्नि आणि गृहस्थाचा हात

पूर्वी पुष्कळ मराठी घरांच्या न्हाणीघरांत तांब्याचा बंब असे. मधोमध उभी नळी, तिच्यांत कोळसे किंवा लांकडाच्या ढलप्या, भोंवतीं पाणी आणि खालीं राखेची जाळी, अशी त्याची सोपी रचना होती. त्याची निगा हा घरकामाचाच एक भाग होता. रोज राख काढावयाची, मधून मधून नळीतली काजळी खरडावयाची आणि दिवाळीच्या आदल्या दिवशीं तो चिंचेनें लखलखीत घासून त्याला फुलांची माळ घालावयाची, हा नेम चुकत नसे. शिवाय बंब आपली तक्रार आपणच सांगे. जाळी बुजली कीं धूर होई, डोळे चुरचुरत, आणि घरांतील कोणी तरी उठून त्याची व्यवस्था लावी.

आतां चुलीची जागा वायूच्या शेगडीनें आणि बंबाची जागा अनेक घरांत वायूच्या गीझरनें घेतली आहे. द्रवरूप पेट्रोलियम वायु सिलिंडरांतून मुंबईच्या घरांत येऊं लागला तो १९५५ सालीं. पुढें शहरांतून नळानें येणाऱ्या नैसर्गिक वायूची त्यांत भर पडली. राख नाहीं, धूर नाहीं, कोळशाची टोपली नाहीं. ह्या स्वच्छतेमुळें एक समजूत रूढ झाली आहे कीं, ह्या अग्नीला निगा लागतच नाहीं. ती समजूत चुकीची आहे. बंब बिघडला तर धुरानें सांगे. वायूचा अग्नि मात्र पुष्कळदां मुकाट्यानें बिघडतो. म्हणून त्याच्या निगेचा एक भाग घरच्या माणसांनीं स्वतः केला पाहिजे, आणि दुसऱ्या भागाला हात न लावतां तो जाणत्या कारागिराकडे सोंपविला पाहिजे. हे दोन भाग कोठें वेगळे होतात, हें ओळखण्यांतच सारें शहाणपण आहे.

प्रथम ह्या अग्नीचें अन्न काय तें पाहूं जातां असें दिसतें कीं, तें एकटा वायु नव्हे. सिलिंडरांतील वायु हें मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन ह्यांचें मिश्रण असतें. त्याचा एक भाग पुरता जळावयास सुमारें पंचवीस ते तीस भाग हवा लागते. म्हणजे शेगडी जितका वायु खाते त्याच्या पंचवीस-तीसपट हवा ती खात असते. परंतु हवेचें बिल येत नसल्यामुळें तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. वायूंत हवा आधींच मिसळून घेतली तर ज्योत निळी, उष्ण व काजळीरहित होते. ह्याच तत्त्वावर १८५५ च्या सुमारास जर्मनींतील हायडेलबर्ग येथें रॉबर्ट बुन्सेन व कारागीर पीटर डेसागा ह्यांनीं प्रयोगशाळेंतील प्रसिद्ध दिवा तयार केला. आजच्या शेगडींतील बर्नर हा त्याचाच वंशज होय. बारीक भोंकाच्या जेटमधून वायु वेगानें निघतो, वाटेंत बाजूची हवा ओढून घेतो, आणि दोघांचें मिश्रण वरच्या छिद्रांशीं जळतें.

म्हणून घरच्या माणसाची पहिली परीक्षा डोळ्यांनीं करावयाची आहे. ज्योत निळी, स्थिर व आंतला शंकु स्पष्ट दिसणारी असावी. ती पिवळी व लांबट झाली आणि भांड्यांचीं बुडें काळीं होऊं लागलीं, तर हवा कमी पडते असें समजावें. ज्योत बर्नरवरून उचलून फडफडूं लागली, तर हवेचें प्रमाण किंवा वायूचा दाब वाजवीपेक्षां अधिक आहे. डाळीचें वा भाताचें खारट पाणी उतूं गेल्यावर क्षणभर पिवळ्या रेघा दिसतात. तो मिठाचा रंग आहे, बिघाड नव्हे. पुसून कोरडें केल्यावरहि पिवळेपणा राहिला, तरच काळजी करावी.

शेगडीची सफाई हें काम निःशंकपणें घरीं करण्याजोगें आहे. प्रथम रेग्युलेटर बंद करावा आणि शेगडी निवूं द्यावी. मग बर्नरचीं डोकीं उचलून गरम साबणाच्या पाण्यांत भिजत ठेवावीं. डोकें पितळेचें असेल तर चिंच चालते; ॲल्युमिनियमचें असेल तर धुण्याचा सोडा वापरूं नये, कारण तो त्या धातूला खातो. छिद्रें बारीक ब्रशानें किंवा टांचणीनें एकेक मोकळीं करावीं. बर्नरच्या खालच्या नळींत कोळ्याचें जाळें किंवा झुरळाची घाण सांपडते, आणि पिवळ्या ज्योतीचें मूळ कित्येकदां तेवढेंच असतें. ती नळी लांब दांड्याच्या ब्रशानें साफ करावी. सर्व भाग पूर्ण वाळल्यावरच जागेवर नीट बसवावे. मात्र जेटच्या भोंकांत सुई घालण्याचा मोह टाळावा. तें भोंक ठराविक मापानें पाडलेलें असतें. सुईनें तें किंचित् मोठें झालें, तरी वायु अधिक येतो, हवा तितकीच राहते, आणि ज्योत कायमची पिवळी होते. सिलिंडरची शेगडी नळाच्या वायूवर लावतांना जेट बदलावे लागतात तेंहि ह्याच कारणानें; तें काम वायु पुरविणाऱ्या कंपनीच्या माणसाचें आहे.

दुसरी परीक्षा नळीची. तारेच्या जाळीची नारिंगी सुरक्षा-नळी पांच वर्षांनीं बदलावी, मग ती दिसावयास कितीहि धडधाकट असो. तिच्यावर मुदत छापलेली असते. नळी कोठें चिरली आहे काय, तापलेल्या भागाला लागते काय, उंदरानें कुरतडली आहे काय, हें महिन्यांतून एकदां पाहावें. गळतीचा संशय आला तर साबणाचा फेंस सांध्यांना लावावा. बुडबुडे आले तर गळती निश्चित. काडी ओढून गळती शोधण्याची रीत अजूनहि कोठें कोठें आढळते. ती आत्मघाताची रीत आहे. नवा सिलिंडर घेतांना त्याच्या वरच्या पट्टीवरील अक्षर व आंकडा वाचावा. अ, ब, क, ड ह्यांच्या जागीं तेथें ए, बी, सी, डी हीं इंग्रजी अक्षरें असतात, व तीं वर्षाच्या चार तिमाह्या दाखवितात. पुढचा आंकडा वर्षाचा. ती तिमाही उलटून गेली असेल तर त्या सिलिंडरची दाबाची चाचणी राहिली आहे असें समजून तो परत करावा. रात्रीं निजण्यापूर्वीं रेग्युलेटर बंद करणें हा तर देवघरांतला दिवा शांत झाला कीं नाहीं हें पाहण्याइतका सहज नेम व्हावा.

शेगडीचे दोष बहुधा दिसतात. गीझरचे दिसत नाहींत, आणि खरा धोका तेथेंच आहे. पाणी वाहूं लागलें कीं त्याच्या दाबानें आंतला रबरी पडदा सरकतो, वायूची वाट उघडते, विजेऱ्यांच्या बळावर ठिणगी पडते आणि तांब्याच्या नळीवर ज्योतींची रांग पेटते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा लहान गीझरहि शेगडीच्या एका बर्नरच्या पांचसहापट वायु जाळतो. आतां पांच फूट लांब, चार फूट रुंद व आठ फूट उंच असें न्हाणीघर घ्यावें. त्यांत सारी मिळून १६० घनफूट हवा असते. अशा गीझरला दहा मिनिटांत सुमारें ७० घनफूट हवा लागते. दार-खिडकी बंद असेल, तर त्या मुदतींत खोलीतल्या जवळजवळ निम्म्या हवेवर गीझर हक्क सांगतो; उरलेल्या हवेंत जळून गेलेला वायु आणि वाफ भरते, आणि त्याच हवेंत मनुष्य श्वास घेत उभा असतो.

प्राणवायु अपुरा पडला कीं ज्योत अर्धवट जळते व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. सिलिंडरच्या वायूला गळती कळावी म्हणून मुद्दाम दुर्गंध दिलेला असतो. परंतु तो दुर्गंध ज्योतींत जळून जातो. म्हणजे गळतीपासून राखण करणारा पहारेकरी ह्या विषाच्या वेळीं हजरच नसतो. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन ह्यांनीं १८९५ च्या सुमारास हा वायु स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपून ठेविले. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट ओढीनें ह्या विषाला धरून ठेवतें, आणि मग प्राणवायूला जागा उरत नाहीं. खाणकामगारांना आगाऊ सूचना मिळावी म्हणून लहान प्राणी बरोबर नेण्याची सूचना हॉल्डेन ह्यांचीच. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत ह्या कामावर होते. न्हाणीघरांत असा पक्षी नसतो. डोकें दुखणें, गरगरणें, मळमळणें, गुडघ्यांतून बळ जाणें, एवढ्याच खुणा होतात. आणि ऊन पाण्यानें ग्लानि आली असें समजून मनुष्य तेथेंच टेंकतो. दाराला आंतून कडी असते.

ह्यावर उपाय अवघड नाहींत. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा आणि आंत फक्त ऊन पाण्याची नळी घ्यावी, हा सर्वोत्तम मार्ग. तो आज आंतच असेल, तर बाहेर हलवीपर्यंत एक नियम सर्वांनीं पाळावा: दार उघडें ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, हवा खेळूं द्यावी, आणि मगच स्नानास बसावें. हवा आंत येण्यास खालीं व बाहेर जाण्यास वर अशा दोन वाटा हव्यात. थंडीसाठीं त्यांत फडकें कोंबूं नये. मात्र वाटा असल्या म्हणजे आंतला गीझर निर्धास्त झाला, असें मानूं नये.

गीझरच्या बाबतींत घरच्या माणसाचा हात कोठवर जावा? विजेऱ्या बदलाव्या, पाण्याच्या वाटेवरील गाळणी धुवावी, वरून धूळ पुसावी, आणि समोरच्या लहान खिडकींतून ज्योतीचा रंग रोज पाहावा. पुढें हात थांबवावा. ज्योत पिवळी, वरच्या बाजूस काळा डाग, पेटतांना धप्प असा आवाज, डोळ्यांना चरचर, किंवा तितक्याच वायूंत पूर्वीपेक्षां कोमट पाणी, ह्यांपैकीं एकहि खूण दिसली तर तो त्याच क्षणीं बंद करून कारागिरास बोलवावें. तांब्याच्या पात्यांवर बसलेली काजळी व नळींतील क्षार काढणें, वायूचा पडदा उघडणें, ज्योतीचें माप बदलणें हीं कामें त्याचीं. रेग्युलेटर किंवा सिलिंडरची तोटी उघडण्याचा प्रयोग तर कोणींच घरीं करूं नये.

न्हाणीघरांतून हांक मारूनहि उत्तर आलें नाहीं, तर दार उघडण्यास क्षणाचाहि विलंब लावूं नये. प्रसंगीं तें फोडावें. वायु बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेंत आणावें आणि ताबडतोब रुग्णालयांत न्यावें. ‘गीझर चालू होता’ हें वाक्य डॉक्टरांना प्रथम सांगावें. साध्या हवेंत रक्तांतील ह्या विषाचें प्रमाण निम्म्यावर येण्यास चारपांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिल्यास तें काम तासा-दीड तासांत होतें. त्या एका वाक्यानें वांचलेला वेळ म्हणजे कित्येकदां आयुष्य असतें.

गळतीचा वास आला तर रीत निराळी. सिलिंडरचा वायु हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीलगत सांचतो. नळाचा नैसर्गिक वायु हलका असल्यामुळें छताकडे जातो. दोन्ही प्रसंगीं विजेचें बटण चालूहि करूं नये व बंदहि करूं नये, कारण ठिणगी दोन्ही वेळां पडते. वायूची तोटी बंद करावी, दारें-खिडक्या उघडाव्या, सर्वांनीं बाहेर पडावें आणि बाहेरूनच मदत मागवावी. सिलिंडरच्या गळतीसाठीं देशभर १९०६ हा दूरध्वनीचा क्रमांक आहे. नळाच्या वायूसाठीं कंपनीचा तातडीचा क्रमांक बिलावर असतो. हे दोन्ही क्रमांक दाराच्या मागें लिहून ठेवावे, कारण घाबरलेल्या माणसाला पाठ असलेलेंहि आठवत नाहीं.

थंडी पडूं लागली कीं न्हाणीघराच्या खिडक्या बंद होतात आणि स्नानें लांबतात. म्हणजे ज्या दिवसांत गीझर सर्वांत अधिक जळतो, त्याच दिवसांत त्याला हवा सर्वांत कमी मिळते. म्हणून वार्षिक तपासणी थंडीच्या तोंडाशीं व्हावी. जुन्या घरांनीं हा मुहूर्त केव्हांच ठरवून ठेविला होता. अभ्यंगस्नानाच्या आदल्या दिवशीं बंब घासला जाई, त्याची नळी मोकळी केली जाई आणि मगच त्यांत नवा विस्तव पडे. बंब गेला तरी तो दिवस पंचांगांत आहेच. त्या सुमारास कारागिराला बोलावून गीझर उघडून घेतला, शेगडीचीं डोकीं धुतलीं, नळीवरची तारीख वाचली, आणि खिडकींतलें फडकें काढून टाकलें, तर पहाटेच्या स्नानाला बसणाऱ्या मुलाबाळांची काळजी घरांतल्या मोठ्यांना राहणार नाहीं.