खेळांत बंद पडणारा संगणक



गेल्या उन्हाळ्यांत मी बहिणीकडे तामलवाडीस गेलों होतों. सोलापुराहून तुळजापुरास जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. ओसरीवर टेकतों न टेकतों तोंच दाजींनीं गाऱ्हाणें मांडलें, "तुमच्या भाच्यानें खेळून खेळून यंत्राचें वाटोळें केलें. आतां नवें ग्राफिक्स कार्ड हवें म्हणतो!" कार्ड घ्यावें तर जूनच्या पेरणीसाठीं राखलेल्या पैशाला हात लावावा लागणार, न घ्यावें तर मुलाचें अभियांत्रिकीचें आरेखन अडणार. भाचा खालीं मान घालून उभा होता. एकीकडे नेऊन विचारलें तेव्हां म्हणाला, "मामा, आरेखन करतांना तासन्‌तास चालतो. खेळांत मोठी लढाई आली कीं एकदम बंद!" रोगाचें अर्धें निदान मुलानेंच केलें होतें.

असे खेळ यंत्राकडून किती काम मागतात, याची आपणांस सहसा कल्पना नसते. नेहमींच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० मिळून २० लाख ७३ हजार ६०० बिंदु असतात. सेकंदाला साठ चित्रें काढावयाचीं म्हणजे प्रत्येक सेकंदास सुमारें १२ कोटी ४४ लाख बिंदूंचे रंग ठरवावे लागतात. पत्र लिहितांना निवांत असलेलीं प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि वीज पुरविणारा एसएमपीएस हीं सारीं अंगें अशा वेळीं एकदम कामाला जुंपलीं जातात. भरल्या गाडीला घाट लागला म्हणजेच बैलाचा दुखरा पाय कळतो. तेव्हां खेळानें यंत्र बिघडविलें असें म्हणण्यापेक्षां, आधींचें वैगुण्य खेळानें उघडें पाडलें असें म्हणणें बहुधा न्यायाचें ठरतें.

निदानाची पहिली पायरी म्हणजे यंत्र कोणत्या रीतीनें बंद पडलें तें पाहणें. केवळ खेळ मिटला व बाकीचा पडदा शाबूत राहिला, तर खेळाच्या फायली, ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा रॅम यांकडे पाहावें. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला, तर कार्डानें वेळेवर उत्तर दिलें नाहीं असें समजावें. विंडोज साधारण दोन सेकंद वाट पाहून ड्रायव्हर नव्यानें सुरू करते. निळा पडदा आला तर त्यावरील संकेत टिपून घ्यावा. आणि कांहींएक न सांगतां सारें यंत्रच विझलें, तर उष्णता व वीज यांवर प्रथम संशय घ्यावा. भाच्याचें यंत्र या शेवटच्या वर्गांतलें. 'इव्हेंट व्ह्यूअर' या नोंदवहींत 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सांपडली. पण ती यंत्र रीतसर बंद झालें नाहीं एवढेंच सांगते, कारण सांगत नाहीं.

एका वेळीं एकच बदल करावयाचा, असा आम्हीं नियम केला. खेळ चालू असतां प्रोसेसरची उष्णता ९८ अंशांवर गेलेली दिसली. इंटेलचे बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग आवरतात. कार्डाची उष्णता मात्र मर्यादेंत होती. वीज तोडून कॅबिनेट उघडलें, तों पंख्यांवर धुळीचे थर! मऊ ब्रशानें ते काढतांच उष्णता ७८ वर उतरली. परंतु लढाई आली आणि यंत्र पुन्हां विझलें. मग चित्रें सेकंदाला तीसवर आणून ठेवलीं. दोन तास खेळ अखंड चालला. भार कमी केला कीं यंत्र तगतें, म्हणजे वीज पुरविणारें अंगच दुबळें! दुसऱ्या दिवशीं सोलापूरच्या एका मित्राकडून पुरेशा वॉटचा एसएमपीएस तात्पुरता आणून बसविला. चित्रें पुन्हां साठ केलीं. संध्याकाळपर्यंत यंत्र एकदांहि थांबलें नाहीं. नव्या एसएमपीएसची किंमत कार्डाच्या चौथ्या हिश्शाहूनहि कमी होती. जुना मात्र आम्हीं उघडून पाहिला नाहीं. वीज तोडल्यावरहि त्याच्या पोटांत घातक विद्युद्भार उरतो, हें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

असें निदान मोठ्या कारखान्यांनाहि चटकन् साधत नाहीं. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कित्येक डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ कोसळूं लागले, तेव्हां पडद्यावर पुष्कळदां ग्राफिक्स कार्डाची स्मृति अपुरी पडल्याचा संदेश येई. लोकांनीं कार्डाला दोष दिला. खरा दोष प्रोसेसरांत होता. वाजवीहून अधिक व्होल्टेज मिळून तो झिजत होता. २०२४ सालीं इंटेलनें हें मान्य करून ऑगस्टमध्यें मायक्रोकोडची दुरुस्ती दिली, हमीची मुदतहि दोन वर्षांनीं वाढविली. मात्र झालेली झीज अशा दुरुस्तीनें भरून येत नाहीं. ज्यांच्या घरीं असा प्रोसेसर असेल त्यांनीं बायोस अद्ययावत् करण्यास विलंब लावूं नये.

तात्पर्य, लक्षण जेथें दिसतें तेथेंच रोग असतो असें नाहीं. खिशांत हात घालण्यापूर्वीं, आणि घरांतल्या मुलाला अपराधी ठरविण्यापूर्वीं, दोन दिवस शांतपणें पारख करावी. पेरणीचे पैसे जागच्या जागीं राहिले. दाजी मुलाला उघड कांहीं बोलले नाहींत; त्या रात्रीं मात्र खेळ पाहावयास तेच खुर्ची ओढून त्याच्या शेजारीं बसले.