अंगणातला दिवा विझू देऊ नका



आपल्या जुन्नर-आंबेगावात ऊसतोड सुरू झाली की धाकधूक वाढते. उसातला आडोसा गेला की बिबट्या वस्तीकडे सरकतो. पहाटे धार काढायला गोठ्यात जायचं तर अंगणात उजेड हवाच. उजेडानं बिबट्या पळेलच असं नाही, पण निदान तो आपल्याला दिसतो.

गेल्या वर्षी आमचा सौर दिवा रात्री नऊलाच विझायला लागला. दुकानदार म्हणाला, "बॅटरी गेली, नवी घ्या." सासूबाई म्हणाल्या, "आधी वर तरी बघ." पाहिलं तर शेवग्याची फांदी पॅनेलवर आलेली. ती छाटली आणि दिवा पुन्हा पहाटेपर्यंत चालला.

म्हणून पैसे मोजण्याआधी एवढं बघा. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आहे ना? एका कोपऱ्यावर सावली आली तरी वीज बरीच घटते. धूळ असेल तर सकाळी, काच गार असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसा. काथ्या नको. पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नको. वायरचं काम मात्र वायरमनलाच द्या आणि छपरावर एकटीनं चढू नका.

पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० आणि २ किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान आहे. पण घेण्याआधी विचारा, "लाइट गेल्यावर चालेल का?" बॅटरी नसलेला साधा संच लाइट गेली की बंद पडतो. आपल्याला उजेड तर नेमका तेव्हाच लागतो!

बिल आणि वॉरंटी कार्ड गटाच्या फाइलीत जपून ठेवा.