भरपाई म्हणजे फक्त बिलाचे पैसे नव्हेत

उपचारात हलगर्जी झाली तर फार तर बिलाचे पैसे परत मिळतात, असं मलाही वाटायचं. मग प्रशांत धनंका यांचं प्रकरण वाचलं. १९९० मध्ये हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्या छातीतली गाठ काढली. इंजिनिअरिंगचा हा २० वर्षांचा विद्यार्थी कमरेखाली लुळा झाला. पुढे तो आयटीत आला, माझ्याच धंद्यात, आणि सर्वोच्च न्यायालयात स्वतःची बाजू स्वतःच मांडली.

२००९ मध्ये १ कोटी रुपये मंजूर झाले. ते आले कुठून? नर्सचे महिन्याला ४००० रुपये, असे ३० वर्षांचे. फिजिओथेरपी, ड्रायव्हर, पुढचे औषधोपचार, बुडणारी कमाई. सोसलेल्या वेदनेचे वेगळे. म्हणजे झालेल्या खर्चापेक्षा पुढच्या आयुष्याचा हिशेब मोठा. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज प्रकरणात तर लहान मुलाबरोबर आई-वडिलांनाही मानसिक यातनांबद्दल ५ लाख मिळाले.

अर्थात, हलगर्जी सिद्ध करावी लागते. उपचाराला यश आलं नाही एवढं पुरत नाही. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षं. सगळ्यांनाच मोफत उपचार देणारं सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही. तिथं दिवाणी दावा लावावा लागतो.

आपल्याकडे जनाजा उठला की फाइल माळ्यावर जाते. ती खाली काढा. नसेल तर रुग्णालयाला लेखी अर्ज द्या. ७२ तासांत कागद देणं बंधनकारक आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मात्र घ्या.