हमरस्त्यावरची घरे



पुण्यात आमच्या घरासमोर, हमरस्त्यावर, दुमजली घराच्या जागी सात मजले चढणार असे कळले, तेव्हा विरोधाच्या अर्जावर पहिली सही माझी होती. ऊन अडेल, पाणी पुरणार नाही, ही माझी भीती खोटी नव्हती. पण त्याच वर्षी माझी लेक जवळपास घर शोधून थकली आणि शहराबाहेर राहावयास गेली. आता नातवंडांचे तोंड सणावारीच दिसते.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळून राज्यातील बहुतेक शहरांना एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिचे सूत्र साधे आहे: रस्ता जितका रुंद, तितकी बांधकामाला मुभा अधिक. ९ मीटरांहून अरुंद गल्लीत ती बेताची, ३० मीटरांच्या रस्त्यावर पुष्कळ. जिथे बस, दवाखाना, मंडई हाताशी, तिथे चार बिऱ्हाडे जास्त राहिली तर बिघडले कुठे?

तेव्हा भगिनींनो, सरसकट नकार नको. पाणी, लिफ्ट, झाडे यांचा हिशेब मात्र ठणकावून मागू या. तसा अर्ज मी लिहून आणला आहे. पहिली सही माझीच आहे.